कंसातला चिमणराव

आमच्या गावाचं नाव पूर्ण लिहायचं तर त्यात एक कंस घालावा लागतो. सिंदी (रेल्वे). तो घातला नाही तर पत्र वर्ध्याला खेटून असलेल्या सिंदी (मेघे) इथं फिरून येतं आणि लग्नाची पत्रिका हातात पडेपर्यंत बारसं उरकलेलं असतं. कंसांची ही हौस आमच्या विदर्भात जरा जास्तच आहे. चांदूर (रेल्वे) आणि चांदूर (बाजार), कारंजा (लाड) आणि कारंजा (घाडगे). जुळी भावंडं ओळखू यावीत म्हणून एकाच्या मनगटाला काळा दोरा बांधावा, तसा हा प्रकार. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ नागपूरला पोचले, आमचं गाव त्या वाटेवर पडलं आणि कंस कायमचा चिकटला. आता गावात रेल्वेखेरीज काहीच नाही असं थोडंच आहे? कापूस आहे, तूर आहे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आहेत, भाऊबंदकी आहे आणि दुपारी एक ते चार झोप आहे. पण कंसात मावलं ते एवढंच.

चार-दोन स्टेशनं पलीकडच्या सेगावचीही अशीच पंचाईत झाली होती. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला गेले आणि त्यांची डाक गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. त्यांनी कंसबिंस न घालता १९४० साली गावाचं नावच सेवाग्राम करून टाकलं. महात्म्यांना हे जमतं. बाकीच्यांनी कंसावर भागवायचं.

गावांना कंस असतात याची मला सवय होती. माणसांनाही तो घालतात, हे आमच्या भाचीच्या लग्नाच्या निमित्तानं कळलं.

स्थळ चांगलं होतं. मुलगा इंजिनियर, घरचे लोक शिकलेले, हुंडा नको, मानपान नको, पत्रिकासुद्धा नको. माझी धाकटी बहीण आनंदानं रडायचीच बाकी होती. तेवढ्यात मध्यस्थ म्हणाले, "फक्त मुलीची चार अक्षरं तेवढी कळवा."

मला वाटलं, हस्ताक्षर पाहायचं असेल. पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपले की "बाळ, चार अक्षरं लिहून दाखव" असं म्हणतच. पण तान्ह्या पोळ्यासाठी पुण्याहून आलेला भाचा, म्हणजे मुलीचा थोरला भाऊ, खो-खो हसला. "मामा, तुम्ही पण ना! ती अक्षरं नाहीत. पर्सनॅलिटी टाईप. जगात सोळा प्रकारची माणसं असतात. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं. कोणाचं कोणाशी पटतं, ते त्यावरून कळतं."

"म्हणजे गण, नाडी," आमची ही आतून म्हणाली. ती कणीक मळत होती, पण तिचा एक कान बैठकीतच असतो.

भाच्याला हे आवडलं नाही. पण मला आमची आत्या आठवली. आत्याचं नक्षत्र विशाखा, म्हणून गण राक्षस. सत्तावीस नक्षत्रांचे तीन सारखे वाटे करून नऊ देवांना, नऊ माणसांना आणि नऊ राक्षसांना देण्याची ही व्यवस्था मोठी न्यायाची आहे. छत्तीस गुणांपैकी गणाचे सहाच. पण 'नाडी' या शब्दानं कोणी दचकत नाही, 'राक्षस' म्हटलं की मुलाची आई पदर सावरून उठते. आत्या म्हणजे मुंगीच्या वाटेत पाय पडला तर मुंगीची माफी मागणारी बाई. सात स्थळं परत गेली. शेवटी एका बिजवराशी जमलं, तेही त्याची पत्रिका पुरात वाहून गेली होती म्हणून. तेव्हा चार अक्षरं हा शब्द ऐकून भाचा हसत होता आणि माझ्या पोटात मात्र गोळा आला होता.

तर हे प्रकरण काय आहे, ते आधी समजून घेतलं. कार्ल युंग नावाच्या स्विस डॉक्टरनं १९२१ साली माणसांच्या प्रकारांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याला पडलेलं कोडं घरगुती होतं. फ्रॉइड आणि अॅडलर हे दोघे हुशार वैद्य, रोगी एकच, मग एकाला त्यात कामवासना दिसते आणि दुसऱ्याला सत्तेची हाव दिसते, हे कसं? युंगचं स्वतःचंही फ्रॉइडशी फाटलं होतं. त्यानं उत्तर काढलं की माणसं मुळातच निरनिराळ्या खिडक्यांतून बघतात. मन चार कामं करतं. संवेदना, अंतःस्फूर्ती, विचार आणि भावना. उदाहरणार्थ, सकाळच्या पोह्यांत मीठ जास्त पडलं आहे. संवेदना म्हणते, खारट. अंतःस्फूर्ती म्हणते, आज घरात काहीतरी बिनसलंय. विचार म्हणतो, पाव किलो पोह्यांना एवढं मीठ लागत नाही. भावना म्हणते, गुपचूप खा, तिला वाईट वाटेल. ही चारही कामं आतल्या बाजूला तोंड करून करता येतात किंवा बाहेरच्या. चार दुणे आठ. प्रत्येक माणसात यातलं एक काम कारभारी असतं, दुसरं त्याचा मदतनीस, आणि अगदी शेवटचं असतं ते माळ्यावर टाकलेल्या ट्रंकेसारखं. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि नेमकं चारचौघांत ते डोक्यावर पडतं.

इथवर मला पटलं. पुढचा भाग तर मला फारच आवडला. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज नावाच्या एक बाई होत्या. मानसशास्त्राची पदवी वगैरे काही नाही, घरीच वाचन. त्यांची एकुलती एक मुलगी इझाबेल. तिनं १९१७च्या सुमारास क्लॅरेन्स मायर्स नावाचा मुलगा पसंत करून घरी आणला. मुलगा वकिलीचा विद्यार्थी, चांगला होता, पण घरातली सगळी माणसं स्वप्नाळू आणि हा आपला हिशेबी. सासूबाईंना हा प्राणी कळेना. तेव्हा त्यांनी माणसांचे प्रकार पाडायला घेतले. १९२३ साली युंगचा ग्रंथ इंग्रजीत आला, तो वाचून त्यांना गुरू भेटल्यासारखं झालं. पुढं इझाबेलनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली तयार केली, आठाचे सोळा केले, आणि हळूहळू त्या कागदाची जगभर चलती झाली. ही इझाबेलही मोठी गमतीची. १९२९ साली तिच्या रहस्यकादंबरीला एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. म्हणजे खऱ्या माणसांना सोळा खणांत बसवण्याआधी तिनं कागदावरच्या माणसांना खुनाच्या खोलीत बसवून पाहिलं होतं. पण माझ्या लक्षात राहिली ती सासू. सगळ्या जगात पसरलेल्या या शास्त्राचं मूळ काय, तर जावई समजून घ्यायची खटपट. जावई नाकारायची नव्हे.

"तुम्हाला नाही कळणार असं," भाचा म्हणाला. "तुमच्या ओळखीच्या माणसावर करून दाखवतो. कोणाचं पाहू?"

सर्वांच्या ओळखीचा आणि कोणाशीही भावकी नसलेला माणूस म्हणजे चिमणराव. चि. वि. जोशांचा. आमच्या सिंदीत दूरदर्शन दिसू लागण्याच्या आधीच मुंबईच्या लोकांनी दिलीप प्रभावळकरांना चिमणराव आणि बाळ कर्व्यांना गुंड्याभाऊ करून टाकलं होतं. आम्हाला मात्र तो पुस्तकातूनच भेटला, १९३३ सालच्या 'चिमणरावाचे चऱ्हाट'मधून. बारकासा पुणेरी कारकून, बेत मोठे, छाती लहान.

भाच्यानं पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला आणि दोघांनी चिमणरावाला टेबलावर घेतलं. गुंड्याभाऊ दोन मिनिटांत निकालात निघाला. कारभारी बाहेरच्या बाजूची संवेदना. समोर दिसेल त्याला आधी हाणायचं, विचार नंतर. यावर मतभेद नव्हता. चिमणरावापाशी गाडी अडली. भाच्याचं म्हणणं, याचा कारभारी आतली संवेदना, कारण हा रूढीला आणि सवयीला धरून चालणारा माणूस. मित्राचं म्हणणं, छे, बाहेरची अंतःस्फूर्ती. नवा बेत दिसला की धावला. एकाच गोष्टीतला एकच प्रसंग दोघांनी आपापल्या बाजूला पुरावा म्हणून दिला. पाऊण तास झाला. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "आणि काऊचं काय?"

"काय काऊचं?"

"दोघांचे कारभारी ठरवून राहिले तुम्ही. तो घरचा कारभार कोण करून राहिलं होतं, ते पण पाहा ना एखाद्या वेळी."

यावर फोन ठेवण्यात आला.

मला विचाराल तर या भांडणात खरी गोम निराळीच आहे. या परीक्षेत उत्तरं कोण देतं? ज्याची परीक्षा तोच. 'तुम्ही समारंभात पुढाकार घेता का?' आता चिमणराव यावर काय खूण करील? 'नेहमी'! आणि मनापासून करील. चऱ्हाट सगळं तोच सांगतो आहे, स्वतःच्या तोंडानं. आपण अमुक ठिकाणी किती धोरणानं वागलो ते तो सांगतो, आणि त्याची कशी त्रेधा उडाली ते आपल्याला दिसतं. आपण हसतो ते या दोन्हींच्या मधल्या फटीत. ती फट बुजवली तर चिमणराव उरतच नाही, एक कारकून उरतो. प्रश्नावलीला ही फट दिसूच शकत नाही, कारण ती फक्त चिमणरावाला विचारते. काऊला विचारत नाही.

आपल्या जुन्यांनी हा खेळ खेळून ठेवला आहे. नाट्यशास्त्रवाल्यांनी नायकाचे चार प्रकार केले: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. चारहींच्या सुरुवातीला 'धीर' लावून चिमणरावाचा नाट्यगृहात शिरायचा रस्ताच बंद केला. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं दिली, वर पढतमूर्खांची निराळी दिली. ती यादी वाचताना प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो. यादी चांगली असल्याची हीच खूण. पण चिमणरावासाठी मला जी यादी सापडली ती तिसरीच, आणि ती सापडली हे कळल्यावर मी भाच्याला झोपेतून उठवलं.

चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. विनोदी लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोटापाण्याचा धंदा बौद्ध ग्रंथांचा. पाली ते शिकले धर्मानंद कोसंबींकडे. आणि कोसंबी म्हणजे 'विसुद्धिमग्गा'चे माणूस. पाचव्या शतकात बुद्धघोषानं सिंहलद्वीपात हा ग्रंथ रचला; त्याची चिकित्सक आवृत्ती करण्यासाठी हार्वर्डच्या पंडितांनी १९१० साली गोव्याच्या या गड्याला अमेरिकेत बोलावून घेतलं होतं. गंमत पाहा, आदल्याच वर्षी युंग फ्रॉइडबरोबर त्याच प्रांतात, वूस्टरला व्याख्यानं देऊन गेला होता. अंतर म्हणाल तर आमच्या सिंदीहून नागपूर, आणखी थोडं पुढं. माणसांचे प्रकार पाडणाऱ्या दोन विद्यांची अशी एका वर्षानं चुकामूक झाली.

तर या 'विसुद्धिमग्गा'त माणसांचे सहा स्वभाव सांगितले आहेत. रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. (राग म्हणजे आपला संताप नव्हे, लोभ, आसक्ती.) आणि ओळखायचे कसे? प्रश्नावली नाही. माणसाला काहीच विचारायचं नाही. तो चालतो कसा, निजतो कसा, जेवतो काय आणि झाडतो कसा ते बघायचं. रागवाला डौलात चालतो, द्वेषवाला पायाच्या चवड्यांनी जमीन उकरल्यासारखा, मोहवाला गोंधळल्यासारखा. झोपेतून हाक मारली तर रागवाला सावकाश उत्तर देतो, द्वेषवाला खेकसतो, मोहवाला नुसता 'हूं' म्हणतो. (आमच्या भाच्यानं 'हूं' म्हटलं होतं. मी टिपून ठेवलं.) रागवाल्याला गोडधोड रुचतं, द्वेषवाल्याला आंबट आणि राकट. आणि झाडू! रागवाला तो नीट धरून, माती न उडवता, एकसारखं झाडतो. द्वेषवाला मूठ आवळून खरखर आवाज करत दोन्हीकडे धुरळा उडवतो. मोहवाला सैल हातानं कचरा नुसता इकडचा तिकडे करतो.

गुंड्याभाऊ कसा झाडेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आणि चिमणराव? तो सहाव्या प्रकारचा, वितर्कचरित. लक्षणं ऐका: बडबड, माणसांत रमणं, हाती घेतलेलं तडीला न नेणं, रात्रभर मनात बेतांचा धूर करायचा आणि दिवसा तेच बेत पेटवायला धावायचं, मन सदा या फांदीवरून त्या फांदीवर. पंधराशे वर्षांपूर्वी सिंहलद्वीपात बसलेल्या भिक्षूनं पुण्यातला कारकून पाहिला कुठं? पालीच्या प्राध्यापकानं मात्र ही यादी नक्कीच पाहिलेली असणार. चिमणराव लिहिताना ती त्यांच्या समोर होती, असं म्हणायचा मोह मला होतो, पण मोहचरित म्हणून नोंद व्हायची भीती वाटते. शिवाय याद्या करून चिमणराव होत नाही. काऊ असावी लागते.

पण मी भाच्याला उठवलं ते याच्यासाठी नव्हे. बुद्धघोष हे प्रकार पाडतो कशाला, ते वाचून उठवलं. गुरूनं शिष्याला कोणतं ध्यान द्यावं, ते ठरवण्यासाठी. आणि औषध स्वभावाच्या उलट! रागवाल्या छानछोकी भिक्षूला राहायला द्यायची धुळीनं भरलेली, वटवाघळांची खोपी. द्वेषवाल्या तापट भिक्षूला मात्र स्वच्छ सुंदर कुटी, आणि ध्यान मैत्रीचं. वितर्कवाल्यानं श्वासावर मन ठेवावं, म्हणजे फांद्यांवरच्या उड्या थांबतील. प्रकार ठरतो तो त्यातून सुटण्यासाठी. शिवाय दोन दुर्गुणांशेजारी एकेक सद्गुण बसवला आहे: लोभाच्या जोडीला श्रद्धा, द्वेषाच्या जोडीला बुद्धी. कारण चिकटणं दोघांचंही सारखंच असतं आणि दोष काढणंही. आणि एवढं सगळं तपशिलानं सांगून झाल्यावर बुद्धघोष शांतपणे म्हणतो की झाडण्या-चालण्याच्या या खुणा मूळ ग्रंथांत नाहीत, आचार्यांची मतं आहेत, त्यांवर फार विसंबू नका; मनावर घेतलं तर द्वेषवालाही रागवाल्यासारखा नीट झाडू शकतो.

युंगनंही १९३४ साली हेच सांगितलं होतं. माणसांना चिठ्ठ्या चिकटवत बसणं हा पोरकट बैठा खेळ आहे, असं त्याचं म्हणणं. पण गुरूचं शेवटचं प्रकरण कोण वाचतं?

झाडूवरून आठवलं. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत होते, तेव्हा मीराबेन रोज जवळच्या सिंदी गावात सफाईला जात. ती सिंदी म्हणजे सिंदी (मेघे), आमची नव्हे. आमच्या गावातले काही लोक पाहुण्यांना सांगताना हा कंस गाळतात. ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची मुलगी दुसऱ्यांच्या दारातली घाण काढते आहे. तिला कुठल्या चरितात घालायचं? जन्मानं ती निराळ्याच कंसात होती. आणि कोसंबी? सगळ्या देशांतून फिरून, सगळे ग्रंथ चाळून झाल्यावर, जून १९४७ मध्ये त्यांनी अन्न सोडून देह ठेवला तो सेवाग्रामच्या आश्रमात. आमच्या इथून गाडीनं गेलं तर तासाभराच्या आत.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि "हूं" म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बहिणीला नागपूरला फोन करून परीक्षेचा कागद पाठवला. भाची गणिताची शिक्षिका आहे. बोलते कमी, बोलते तेव्हा फळ्यावर लिहिल्यासारखं बोलते. तिनं ती परीक्षा रविवारी सकाळी दिली. मग मंगळवारी रात्री, घटक चाचणीचे साठ पेपर तपासून झाल्यावर पुन्हा दिली. चारांतली दोन अक्षरं बदलली. तिचंच काही वेगळं नाही म्हणा. काही आठवड्यांनी परत परीक्षा दिली तर कितीतरी जणांचं एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं, हे तपासणाऱ्यांनी कधीच दाखवून दिलं आहे.

"मामा," ती मला म्हणाली, "ज्या पट्टीनं एकच टेबल सकाळी तीन फूट आणि रात्री चार फूट भरतं, ती पट्टी मी वर्गात आणू देत नाही. दोन्ही निकाल पाठवून द्या त्यांना."

"अगं, पण स्थळ हातचं जाईन ना!" ही माझी बहीण. तिला आत्याची सात स्थळं तोंडपाठ आहेत.

"गेलं तर गेलं, आई."

दोन्ही निकाल पाठवले. मध्यस्थांकडून उत्तर नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. बहिणीचं जेवण कमी झालं. मी तिला बुद्धघोष समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर तिनं मला खोलीबाहेर काढलं. कोणत्या चरितानुसार, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलाचाच फोन आला, सरळ भाचीला. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. चाळीस मिनिटं चाललं एवढं ठाऊक आहे, आणि तिच्या हिशेबानं ते तिचं दोन महिन्यांचं बोलणं झालं.

येत्या शनिवारी मुलगा आईला घेऊन आमच्याकडे सिंदीलाच येतो आहे, मुक्कामाला. मी त्यांना पत्ता कंसासकट दिला आहे. जेवायला आंबट वरण आणि गोड श्रीखंड दोन्ही करायचं ठरलंय, म्हणजे तो आधी कशाला हात घालतो ते दिसेल. झोपेतून हाक मारायचं काम भाच्याकडे आहे. रविवारी सकाळी पाहुण्याच्या हातात खराटा देऊन त्याला अंगण कसं झाडायला लावावं, हे मात्र अजून कोणाला सुचलेलं नाही. आमची ही म्हणते, "तुम्ही झाडायला लागा ना. तो उठून हातातून घेते का पाहू."